उजेड बॅटरीत ठेवा, ऊब पाण्यात ठेवा

(सौर पॅनेल आणि बॅटरीसाठी आलेले कर्जाचे अर्ज प्रभागसंघाच्या सभेत चर्चेला होते. त्या वेळी माण तालुक्यातल्या एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)



मला पंधरा मिनिटं दिलीत. जास्त झालं तर खुणवा, मी थांबते. मी काही इंजिनिअर नाही. सातवी शिकलेली बाई आहे. पण आज आपल्यापुढं सोलरच्या कर्जाचे अर्ज आलेत आणि त्यात बहुतेक अर्जांत "बॅटरी" हा शब्द आहे. याच बॅटरीपायी मी समूहाचे पैसे एकदा बुडवता बुडवता राहिले. तेव्हा माझी चूक आधी सांगते, मग त्यातून काय शिकले ते सांगते.

माझी चूक

आमचं घर मळ्यात आहे, गावापासून दीड किलोमीटर. वस्तीवरची लाईट कधी असते, कधी नसते. थोरला मुलगा पुण्याला कामाला आहे. त्यानं पैसे साठवून घरावर २ किलोवॅटची पॅनेल बसवून दिली. इन्व्हर्टर पण त्यानंच घेतला. राहिल्या बॅटऱ्या. त्या मी म्हटलं मी घेते. समूहातून ४० हजार कर्ज काढलं, शेकडा एक रुपया व्याजानं. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या आल्या, थोडं वायरिंग झालं.

रात्री फ्रिज चालू, पंखा चालू, लेकीच्या अभ्यासाला उजेड. लई बरं वाटलं बघा. मग हिवाळा आला. आमच्याकडं पहाटेची थंडी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. पहाटे पाचला उठून चूल पेटवायची, ओलं जळण फुंकत बसायचं, आत्याबाईंना धुरानं खोकला. मला वाटलं, घरात एवढी वीज आहे, फुकटची आहे, मग हा धूर कशाला? बाजारातून हजार वॅटचा रॉड आणला. दुकानदाराला विचारलं, "इन्व्हर्टरवर चालंल का?" तो म्हणाला, "चालतंय की." चाललं पण. रोज पहाटे चार बादल्या तापायला लागल्या. मी खूश, घरचे खूश.

दोन महिन्यांनी फ्रिज रात्रीचा बंद पडायला लागला. सहा महिन्यांनी लेक म्हणाली, "आई, दहालाच लाईट जातीय." वर्ष दीड वर्षात बॅटऱ्या बसल्या त्या बसल्याच. आणि कर्जाचे हप्ते? ते अजून सात राहिले होते. बॅटरी मेली होती, हप्ता जिवंत होता. समूहाच्या बैठकीत मान खाली घालून बसत होते मी. कुणी बोललं नाही, पण आपलं आपल्याला कळतं. कोंबड्या विकून दोन हप्ते भरले, एक उशिरा भरला. समूह माझ्यामागं उभा राहिला म्हणून निभावलं.

एका बादलीत किती दिवे?

आमच्याच समूहातल्या एका ताईंची लेक आयटीआय करून सोलरचं काम शिकलीय. तिला बोलावलं. तिनं बॅटऱ्या तपासल्या, रॉड बघितला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "मावशी, तुम्ही बॅटरीला रोज पहाटे रिकामी करत होता." मग तिनं खडू घेतला आणि अंगणातल्या फरशीवर हिशेब मांडला. तोच आज तुमच्यापुढं मांडते. वहीत लिहून घ्या.

१५ लिटरची एक बादली धरा. हिवाळ्यात पाणी २० अंशाला असतं. अंगाला सोसेल असं गरम म्हणजे ४२ अंश. तेवढं तापवायला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. ०.४ युनिट ऐकायला थोडी वाटते. पण ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यावर चाळीस तासांपेक्षा जास्त जळतो. म्हणजे एका आंघोळीच्या पाण्यात लेकीचा आठवडाभराचा अभ्यास जातो!

आता बॅटरीकडं या. १२ व्होल्ट १५० एएच अशी एक बॅटरी. १२ गुणिले १५०, झाले १८०० वॅट तास, म्हणजे १.८ युनिट. दोन बॅटऱ्यांच्या ३.६ युनिट. पण आपली पाण्याची, म्हणजे ॲसिडवाली बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करायची नसते. निम्मी वापरली तर चार पाच वर्षं टिकते. रोज खरवडून काढली तर माझ्यासारखी गत होते. म्हणजे रोजचे वापरायचे युनिट किती राहिले? १.८. माझ्या चार बादल्यांना लागत होते १.६. रात्रभर फ्रिज, पंखा चालून बॅटरी आधीच निम्म्याला आलेली, आणि पहाटे मी रॉड लावून उरलेली पण ओढून घ्यायची. शिवाय वीज बॅटरीत भरताना आणि बाहेर काढताना पाव हिस्सा तरी वाटेतच जातो. महागाची वीज, तीही गळक्या माठातून काढायची, आणि ओतायची कशात तर न्हाणीत!

लिथियमची बॅटरी जास्त खोलवर वापरता येते, जास्त वर्षं टिकते, हे खरं. पण तिची किंमत पण तशीच. पाणी तापवायला ती घेणं म्हणजे सोन्याच्या हंड्यात धुणं भिजवल्यासारखं.

दुपारी वाया जाणारं ऊन

मी त्या पोरीला म्हटलं, "मग काय, चूलच पेटवू का परत?" ती म्हणाली, "नाही मावशी. तुमची दुपार वाया चाललीय, ती वापरा."

हे मला ठाऊकच नव्हतं. २ किलोवॅटची पॅनेल निरभ्र दिवशी साधारण ८ युनिट वीज करू शकतात. दिवसा आमचा वापर, फ्रिज, पंखे, मिक्सर, टाकीत पाणी चढवायची मोटर, घरगुती गिरणी, सगळं धरून ३ युनिट. बॅटरी भरायला अडीच. झाले साडेपाच. उरलेले अडीच युनिट जातात कुठं? कुठंच जात नाहीत. बॅटरी भरली आणि घरात वापर नसला की इन्व्हर्टर पॅनेलकडून वीज घेणंच थांबवतो. वर ऊन रणरणतंय आणि पॅनेल मोकळं बसलंय. वीज साठवून ठेवायला जागा नाही, म्हणून ती तयारच होत नाही.

आता विचार करा. पहाटेच्या गरम पाण्याला लागतात २ युनिट, दुपारी वाया जातात अडीच. फक्त वेळ जुळत नाही. ही वेळ जुळवायला बॅटरीच पाहिजे असं नाही. पाणीच साठवण आहे. दुपारी पाणी तापवा, जाड आवरणाच्या टाकीत झाकून ठेवा, पहाटे वापरा. आपल्या आज्या मडक्यात ताक थंड ठेवायच्या, तशी ही ऊब ठेवायची.

आम्ही ५० लिटरचा साठवणीचा गिझर घेतला. ५० लिटर पाणी २५ अंशावरून ६० अंशावर न्यायला २ युनिट लागतात. पहाटेपर्यंत ते थोडं उतरतं, पण त्यात विसण घातलं की पाच बादल्या आंघोळीचं पाणी होतं. आम्ही घरात पाच माणसं. एकाला एक बादली, हिशेब पुरा.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. बाजारातल्या गिझरमध्ये बहुतेक २००० वॅटचं एलिमेंट असतं. आमची पॅनेल दुपारी बाराला दीड हजार वॅटच्या आसपास देतात. मग वरचे पाचशे वॅट कुठून येणार? बॅटरीतून! म्हणजे परत तीच चूक, फक्त दुपारची. म्हणून त्या पोरीनं एलिमेंट बदलून १००० वॅटचं बसवलं. तापायला एक तासाऐवजी दोन तास लागतात. लागू देत. उन्हाला कुठं घाई आहे?

आमच्या घरचा दिनक्रम

सकाळी सूर्य वर आल्यापासून अकरापर्यंत पहिला मान बॅटरीचा. रात्रीचा उजेड आधी भरून घ्यायचा. त्या वेळात गिरणी नाही, मोटर नाही.

अकरानंतर गिरणी किंवा मोटर, दोन्हींतलं एकच. पाऊण तासात आटपतं.

बारा ते दोन गिझर. त्या वेळात दुसरं काही जड चालवायचं नाही. गिझरला आम्ही टायमर बसवलाय. बारा वाजता आपोआप चालू, दोनला आपोआप बंद. मी रानात असले तरी काळजी नाही. उरलेली वीज स्वतःहून गिझरकडं वळवणारी यंत्रंही असतात, पण आपल्या घराला साधा टायमर पुरतो.

दोननंतर काही जड लावायचं नाही. बॅटरीला पुन्हा भर मिळू द्यायची.

आणि ढग आले तर? ढग आले की टायमरचं बटण बंद. आधी उजेड, मग ऊब. पावसाळ्यात आठ आठ दिवस आमची चूल पेटते, हे मी लपवत नाही. पण वर्षातले बाकीचे दिवस पेटत नाही, हे पण खरं.

यातून काय वाचलं?

पैशाचं आधी सांगते. हेच पाणी गॅसवर तापवलं तर महिन्याला ७ ते ८ किलो गॅस लागतो. टाकीत असतो १४.२ किलो. म्हणजे अर्धी टाकी नुसती आंघोळीत. चुलीवर तापवायचं तर आपल्या साध्या चुलीत लाकडाची बरीचशी उष्णता इकडं तिकडं जाते. रोज तीन चार किलो जळण लागतं, महिन्याला क्विंटलभर. क्विंटलभर लाकूड डोक्यावरून कोण आणतं? आपणच की.

गिझर, टायमर, एलिमेंट आणि वायरमनची मजुरी मिळून आमचा खर्च बारा हजारांच्या आत बसला. तेवढीच वीज साठवायला आणखी दोन बॅटऱ्या घेतल्या असत्या तर तीस हजारांच्या वर गेलं असतं, आणि चार पाच वर्षांनी परत तोच खर्च. जुन्या बॅटऱ्यांच्या जागी नव्या घ्याव्याच लागल्या, पण त्यांच्याकडून आता फक्त रात्रीचं काम घेते. दोन हिवाळे झाले, अजून तशाच आहेत. दर महिन्याला बॅटरीचं पाणी बघते, डिस्टिल्ड वॉटरच घालते.

पैशात न बसणारं पण आहे. आत्याबाईंचा पहाटेचा खोकला कमी झाला. दुधाची भांडी, किटल्या गरम पाण्यानं धुता येतात, दूध नासायचं कमी झालं. मी अर्धा तास उशिरा उठते. हसू नका, त्या अर्ध्या तासाची किंमत तुम्हाला पण माहीत आहे.

सगळ्यांना हेच लागू नाही

आता नीट ऐका, नाहीतर सगळ्याच गिझर घ्यायला निघाल.

ज्यांच्या गावात लाईट भरवशाची आहे, त्यांनी आधी नेट मीटरचा विचार करा. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. पण हे अनुदान लाईनला जोडलेल्या पॅनेलला आहे, बॅटरीला नाही. नेट मीटर असलं की तुमची दुपारची जादा वीज लाईनमध्ये जाते आणि बिलात तुमच्या नावावर जमा होते. मग दुपारी पाणी तापवायची घाई नको. पहाटे गिझर लावा, जमा युनिटमधून वजा होईल. वर्षअखेर युनिट उरत असतील तर मात्र ते घरातच वापरायचं बघा. उरलेल्या युनिटला मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा कमी असतो.

पण एक फसगत होते. बायकांना वाटतं, छपरावर पॅनेल आहे म्हणजे लाईट गेली तरी घरात उजेड राहणार. नाही राहत! लाईनला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईट गेली की बंद होतो. तो मुद्दाम तसा केलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरची वीज लागेल. लाईट गेल्यावर पण उजेड हवा असेल तर बॅटरी चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. हे विकणाऱ्याला आधी विचारा, पैसे दिल्यावर नको.

आणि ज्यांना फक्त गरम पाणीच हवंय, पॅनेल नाहीतच, त्यांनी सरळ सौर बंब घ्या. बंब उन्हातली निम्म्याच्या आसपास उष्णता थेट पाण्यात उतरवतो. पॅनेल उन्हाच्या पाचव्या हिश्श्याचीच वीज करतं. पाण्यासाठी म्हणून नवी पॅनेल बसवू नका. पॅनेल आहेत आणि वीज उरतीय, तरच हा माझा मार्ग.

जिवाची काळजी

रॉडबद्दल हात जोडून सांगते. रॉड पाण्यात असताना बटण बंद केल्याशिवाय, प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. लोखंडी बादलीत रॉड नको. पोरांना जवळ फिरकू द्यायचं नाही. गिझरला १६ अँपिअरचं सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि शॉक बसण्याआधी वीज तोडणारा ब्रेकर लावून घ्या. पॅनेलची वायर थेट साध्या गिझरला जोडायची नाही. पॅनेलची वीज डीसी असते, साध्या गिझरच्या थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी धरून जळतं. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बंद करायचा नाही. ६० अंशाचं पाणी कातडी भाजतं, म्हणून बादलीत आधी थंड, मग गरम. आणि बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या, नाहीतर एलिमेंटवर पांढरा थर बसतो.

अर्जाला जोडायचा कागद

आता माझी मागणी. आज जे अर्ज आलेत ते नामंजूर करा असं मी म्हणत नाही. त्या बायांना वीज पाहिजेच. पण प्रत्येक अर्जाबरोबर एक कागद जोडायला लावा. त्यावर या प्रश्नांची उत्तरं, तिनं स्वतः लिहिलेली. लिहिता येत नसेल तर सीआरपी ताईंनी तिला विचारून लिहावी.

१. घरात लाईट दिवसात किती तास जाते?

२. नेट मीटर मिळतं का, याची चौकशी केली का?

३. रात्री काय काय चालवायचं आहे, किती वॅटचं, किती तास? त्याचे युनिट किती होतात?

४. त्या युनिटच्या दुप्पट क्षमतेची बॅटरी घेतली आहे का?

५. बॅटरीवर रॉड, गिझर, इस्त्री, शेगडी चालवणार का? उत्तर "हो" असेल तर अर्ज थांबवा आणि तिच्याशी बसून बोला.

६. दुपारी वीज उरते का? उरत असेल तर ती कशासाठी वापरणार? पाणी, गिरणी, शिलाई मशीन की मोटर?

७. बॅटरीच्या वॉरंटीपेक्षा कर्जाची मुदत कमी आहे का?

सातवा प्रश्न मी माझ्या अनुभवातून घातलाय. बॅटरी संपायच्या आत हप्ते संपले पाहिजेत.

एका कागदाला अर्धा तास लागेल. मला तो अर्धा तास कुणी दिला नव्हता, आणि मी पण कुणाला विचारलं नव्हतं. समूहाचा पैसा म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी कांदे निवडून, कुणीतरी खुरपून आणलेले रुपये. ते बसलेल्या बॅटरीत अडकू नयेत एवढंच माझं म्हणणं आहे.

घरी जाऊन आज एक करा. तुमच्याकडं पॅनेल असतील तर उद्या दुपारी बारा वाजता इन्व्हर्टरकडं बघा. बॅटरी भरल्याचा दिवा लागलाय का? लागला असेल तर तुमचं ऊन वाया चाललंय. मग रानातून आल्यावर धुण्याची मशीन, गिरणी, पाण्याची मोटर, जे काही आहे ते त्या वेळेला सरकवा. याला एक रुपया खर्च नाही, कर्ज पण नाही. गिझरचं त्यानंतर बघू.

ज्या पोरीनं मला हे शिकवलं ती आज आपल्या सभेत मागं बसलीय. कुणाला घरी हिशेब मांडून पाहिजे असेल तर तिला बोलवा आणि तिच्या कामाचे पैसे तिला द्या. मावशी म्हणून फुकटात करून घेऊ नका. मी पण दिले.

बोलण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.